मदत हवी आहे: एआय एजंट टूल्स चुकीची वापरतो, वर्णन कसं लिहावं?

गोदामातल्या शेतमालाची आवक-जावक ठेवणारी छोटी प्रणाली आहे. तिच्यावर पायथनमध्ये एमसीपी सर्व्हर (एआय एजंटला बाहेरच्या प्रणालीशी जोडणारा प्रोग्रॅम) बसवला आहे, एकूण 11 टूल्स, म्हणजे एजंटला चालवता येणारी कामं. माणसांसाठी 40 पानी मार्गदर्शिका आहे आणि तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. एजंट मात्र तीन ठिकाणी हमखास घसरतो:

1. शिल्लक विचारली की कधी 'स्टॉक_बघा', कधी 'स्टॉक_शोधा', कधी 'माल_यादी' चालवतो.
2. "50 क्विंटल कांदा आला" म्हटलं की वजनात 50 भरतो. टूल किलोत घेतं, म्हणजे 5,000 च्या जागी 50 नोंदले जातात.
3. एरर आली की तीच विनंती जशीच्या तशी चार-पाच वेळा पाठवतो.

(टूल्सची नावं इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत, कोडमध्ये रोमन आहेत.)

सध्याचं वर्णन: "आवक_नोंद: आवक नोंदवते. माल, वजन, तारीख द्या."

सगळी मार्गदर्शिका सिस्टम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला सुरुवातीलाच दिल्या जाणाऱ्या सूचनांत) टाकून पाहिली, फरक पडला नाही. नेमकं कुठे आणि काय लिहावं?

प्रतिसाद 1

मार्गदर्शिका आधी प्रॉम्प्टमधून काढा. कुठलं टूल घ्यायचं हे ठरवताना मॉडेलच्या हाताशी मुख्यतः तीन गोष्टी असतात: नाव, वर्णन आणि इनपुट स्कीमा (टूलला कुठली माहिती कुठल्या रूपात द्यायची त्याचा साचा). जे सांगायचं ते तिथेच सांगायला हवं. 40 पानांत 'किलो' हा शब्द कुठेतरी असेलही, पण वजन भरायच्या जागी तो नाही.

म्हणून पॅरामीटरचं (टूलला द्यायच्या त्या माहितीचं) नावच 'वजन_किलो' करा. वर्णन काहीसं असं ('शिल्लक_बघा' कुठलं ते खाली येतं):

"गोदामात नवीन आलेला माल नोंदवते. शिल्लक बघण्यासाठी वापरू नये, त्यासाठी 'शिल्लक_बघा' आहे. वजन किलोतच द्यावं; 1 क्विंटल = 100 किलो, म्हणजे 50 क्विंटलसाठी 5000. एकक सांगितलं नसेल तर वापरकर्त्याला विचारावं, अंदाज करू नये. यशस्वी झाल्यास नोंद क्रमांक आणि नवी शिल्लक परत येते."

'कधी वापरू नये' हे वाक्य बहुतेक जण गाळतात, आणि टूल निवडताना सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. पण तुमच्या पहिल्या अडचणीवर नुसतं वर्णन पुरणार नाही. नव्या माणसाला या तीन टूल्समधला फरक एका वाक्यात सांगता येत नसेल, तर मॉडेलही गोंधळणारच. तिन्ही मिळून एकच 'शिल्लक_बघा' करा आणि माल, गोदाम हे ऐच्छिक पॅरामीटर ठेवा.

मालाचं नाव मोकळं सोडू नका. 'कांदा', 'कांदे', 'लाल कांदा' असं काहीही येईल. ठरलेली नावं स्कीमात एनम (फक्त चालणाऱ्या पर्यायांची यादी) म्हणून द्या. आकडा नंबर म्हणूनच घ्या, नाहीतर "1,25,000" असं स्वल्पविरामासकट येतं आणि पार्सिंग (मजकुरातून आकडा ओळखणं) फसतं. तारखेलाही नमुना हवा: 03/04/2025 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च? '2025-04-03' असा वर्ष-महिना-दिवस क्रम लिहून द्या. शिवाय "काल आलेला माल" म्हटलं तर मॉडेलला आजची तारीख ठाऊक असेलच असं नाही, ती सिस्टम प्रॉम्प्टमध्ये घाला.

प्रतिसाद 2

तिसऱ्या मुद्द्याबद्दल. तुमचं टूल "इनव्हॅलिड इनपुट" एवढंच म्हणत असणार. त्यातून काय सुधारायचं ते मॉडेलला कळत नाही, म्हणून ते पुन्हा तेच करतं. एररमध्ये काय आलं, काय हवं होतं आणि पुढे काय करावं हे तिन्ही असू द्या: "माल 'कांदे' यादीत नाही. जवळचं नाव: 'कांदा_लाल', 'कांदा_पांढरा'. कुठला ते वापरकर्त्याला विचारा." ही चूक टूलच्या निकालातच 'इझ-एरर' (निकाल म्हणजे चूक आहे हे सांगणारी खूण) खरं ठेवून परत करा. प्रोटोकॉल पातळीवरची एरर (निकालाऐवजी एमसीपीच्या संदेशातच येणारी) क्लायंट, म्हणजे एजंट चालवणारा प्रोग्रॅम, मॉडेलला दाखवेलच याची खात्री नसते.

याहून गंभीर धोका दुबार नोंदीचा आहे. नोंद झाली पण उत्तर पोचण्याआधी टाइमआउट झाला, तर एजंट पुन्हा पाठवणार आणि शिल्लक दुप्पट दिसणार. आवक पावतीचा क्रमांक सक्तीचा करा. तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद न करता जुनीच परत द्या. आणि हे वर्णनातही लिहा: "त्याच पावती क्रमांकाने पुन्हा पाठवणं सुरक्षित आहे."

स्टडीआयओ ट्रान्सपोर्ट (सर्व्हर आणि क्लायंट यांचं बोलणं स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून चालणं) असेल तर कोडमध्ये एकही साधा प्रिंट ठेवू नका. स्टँडर्ड आउटपुटवर फक्त प्रोटोकॉलचे संदेश चालतात, लॉग स्टँडर्ड एररवर.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. स्टडीआयओच आहे, दोन प्रिंट सापडले, काढले. एक शंका: बदल उपयोगी पडला हे तपासायचं कसं? आणि 'शिल्लक_बघा' सगळं मागितलं की 1,800 ओळी देतं, ते चालेल का?

प्रतिसाद 1

कर्मचारी खरोखर विचारतात तसे 20 प्रश्न त्यांच्याच भाषेत लिहून काढा, "कांदा किती उरलाय" असे. प्रत्येक प्रश्न कोऱ्या सत्रात चालवा आणि लॉगमध्ये दोनच गोष्टी बघा: कुठलं टूल निवडलं, कुठले आकडे भरले. गोड उत्तरावर जाऊ नका, चुकीच्या आकड्यावरूनही ते छानच येतं. एका वेळी एकच वर्णन बदला.

1,800 ओळी नकोत, त्यात मूळ प्रश्नच बुडतो. 20 ओळी, एकूण संख्या आणि पुढच्या पानाची खूण द्या. खाली एक ओळ जोडा: "1,800 पैकी 20 दाखवल्या; माल किंवा गोदाम देऊन शोध अरुंद करा." ही ओळ नसेल तर एजंट त्या 20 चीच बेरीज करून एकूण शिल्लक सांगतो. बेरीज लागतच असेल, तर ती सर्व्हरवर करून वेगळ्या 'एकूण_किलो' रकान्यात द्या.