मुलांशी बोलताना काय म्हणावे: वंशवाद, वर्णद्वेष की वर्णभेद?

वाचनकट्टा: आमच्या गटातली आठवी-नववीची मुले सध्या रूबी ब्रिजेसविषयी वाचत आहेत. १९६० साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्समधल्या गोऱ्या मुलांच्या शाळेत ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात गेली. आपली मुले तिच्यासोबत बसवायला पालक तयार होईनात, त्यामुळे वर्षभर ती एकाच शिक्षिकेपाशी जवळजवळ एकटीच शिकली. चर्चेच्या टिपणात मी ‘रेसिझम’साठी ‘वंशवाद’ लिहिले, तर एका मुलाने त्याचा अर्थ घराणेशाही असा लावला. हिंदी बातम्यांत तो शब्द त्याच अर्थाने येत असल्याने त्याचे काही चुकले, असे मला वाटत नाही. या वयाच्या मुलांसाठी कोणता शब्द घ्यावा?

शब्दवेध: ‘वर्णद्वेष’ हा वर्तमानपत्रांत रुळलेला शब्द आहे आणि तोच वापरावा. ‘रेसिझम’ असेच लिहिण्याची सवय मुलांना लागली, तर या विषयावर मराठीत विचार करण्याची त्यांची ताकदच खुंटेल.

नदीकाठ: मी असहमत आहे. ‘द्वेष’ म्हटले की मुले शाळेबाहेर ओरडणाऱ्या जमावाकडेच बोट दाखवतात. रूबीच्या जन्माआधीपासून मुलांना रंगावरून वेगवेगळ्या शाळांत घालणारी व्यवस्था मात्र नजरेआड होते. १९५४ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे विभाजन घटनाबाह्य ठरवले होते, तरीही ते चालूच होते. ज्याच्या मनात कोणाविषयी राग नाही, तोही अशा व्यवस्थेचा लाभ घेतो, ही गोष्ट चौदा वर्षांच्या मुलाला नीट समजते. म्हणून ‘वर्णभेद’ बरा.

जुनाबखर: पण महाराष्ट्रातले मूल ‘वर्ण’ ऐकताच चातुर्वर्ण्याकडे जाते, आणि मी तर म्हणेन की त्याला जाऊ द्यावे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. वाचनाची सुरुवात त्या अर्पणपत्रिकेपासून करावी.

शब्दवेध: मग गल्लत होईल. जातिभेद हा वांशिक भेद नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच स्पष्टपणे मांडले होते.

जुनाबखर: त्याच बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीत बरेच साम्य असल्याचे म्हटले होते. दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तरीही एकीवरून दुसरी कळते, हे मुलांसमोर मांडायला आपण का कचरावे?

नदीकाठ: या पत्रातल्या ‘निग्रो’ शब्दापाशी थांबावे लागेल. त्या काळी कृष्णवर्णीय लेखक स्वतःही तो वापरत. आज तो अपमानकारक मानला जातो. माझ्या भाचीने तो मोठ्याने वाचायला नकार दिला आणि माझ्या मते तिचा निर्णय योग्य होता.

वाचनकट्टा: आमच्याकडेही तसेच घडले, आणि त्यातून मुले ‘हबशी’ शब्दावर आली. एकीने सांगितले की तिची आजी सावळ्या नातवाला लाडाने तसे म्हणते आणि त्याला ते मुळीच आवडत नाही.

शब्दवेध: ‘हबशी’ म्हणजे हबशाण देशाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा रहिवासी. मलिक अंबर तिथलाच होता. मुळात त्यात कोणताही कमीपणा नाही.

नदीकाठ: त्या नातवाला शब्दाचे मूळ ऐकू येत नाही, त्याच्या रंगाचा उल्लेख ऐकू येतो. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या इतिहासात हा शब्द राहू द्या. घरात मुलाला उद्देशून तो का हवा?

जुनाबखर: आजीला हे कोणी सांगायचे, मुलांनी की आपण? आणि मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात ‘हबशी’ची नोंद कशी दिली आहे, ते कोणी पाहिले आहे काय?