मदत हवी आहे: १९७२ चं दहा रुपयांचं चांदीचं नाणं कसं तपासू, कसं जपू?

नमस्कार मंडळी,

आजोबांच्या ट्रंकेत दहा रुपयांची दोन नाणी मिळाली. १९६९ चं गांधी जन्मशताब्दीचं आहे, त्याबद्दल शंका नाही. प्रश्न दुसऱ्याचा आहे. स्वातंत्र्याच्या पंचविशीचं, १९७२ चं. संसद भवनासमोर तिरंगा घेतलेली तरुण-तरुणीची जोडी, दुसऱ्या बाजूला अशोकस्तंभाचे सिंह. सालाखाली पत्त्यांतल्या चौकटीसारखी बारीक खूण आहे, म्हणजे मुंबई टांकसाळीचंच ना?

इथल्या एका सराफाला दाखवलं, तर बघताक्षणी म्हणाले, "निम्मीच चांदी आहे, मोडीत घाला." कानस घेऊन कड घासायलाही निघाले होते. मी नाणं परत घेतलं. हिशेब त्यांचा बरोबर आहे. गांधीजींचं नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदी, म्हणजे १२ ग्रॅम. हे चांगलं २२.५ ग्रॅमचं, दिसायला मोठं, पण चांदी सव्वाअकरा ग्रॅमच. पण म्हणून वितळवायचं? आजोबांनी देशाच्या पंचविशीची आठवण म्हणून ते जपलं, कधी मोडलं नाही. मलाही विकायचं नाहीये.

काट्यावर २२.३ ग्रॅम भरलं. एवढा फरक चालतो का? लोहचुंबक चिकटत नाही, पण तांबं-निकेलच्या नाण्यालाही तो चिकटत नाही, मग त्यावरून काय कळणार? कड न घासता खात्री कशी करायची?

दुसरं म्हणजे, नाणं जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात होतं. त्यावर हिरवट, चिकट थर आलाय आणि कडेच्या खाचांत काळं साचलंय. आई म्हणते चिंच लावून घास, लख्ख होईल. मी तिला थांबवलंय. कुणी अनुभवी माणसाने सांगा, प्लीज.

प्रतिसाद

थांबवलंत ते फार चांगलं केलंत. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, काहीही लावू नका. घासलेल्या नाण्याला संग्राहक हात लावत नाहीत. काळेपणा राहू द्या, तो चांदीचा स्वभावच आहे. हिरवा चिकटा मात्र काढाच, तो पाकिटाच्या मऊ प्लास्टिकचा (पीव्हीसीचा) आहे आणि धातू खातो. शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवा (नेलपॉलिश रिमूव्हर नको), न चोळता बाहेर काढा आणि आपोआप सुकू द्या. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस पेटता नको. पुढे पीव्हीसी नसलेल्या कॅप्सूलमध्ये (नाण्यांसाठीच्या छोट्या डबीत) ठेवा, हाताळताना फक्त कडेला धरा.

वजनातल्या एवढ्या फरकाने घाबरू नका. खात्रीसाठी हॉलमार्किंग सेंटरमध्ये एक्स-रे मशीनवर तपासून घ्या, ओरखडाही येत नाही. मात्र ते यंत्र वरचा थरच वाचतं, म्हणून वजन आणि व्यासही जुळवून बघा. आणि हो, ती चौकट मुंबईचीच. कलकत्त्याच्या नाण्यावर खूण नसते.