मदत हवी आहे: टाटा १६१३, सकाळी पांढरा धूर आणि मिसिंग

गाडी टाटा १६१३ ट्रक, सहा सिलिंडरचं ६९७ इंजिन, साधा इनलाइन पंप (दर सिलिंडरला वेगळ्या पाइपने डिझेल देणारा). सकाळी सेल्फला लगेच लागते, पण पाच-सात मिनिटं पांढरा धूर सोडते. धूर डोळ्यांना झोंबतो. आयडलला (रेस न देता) इंजिन हलतं, ठोका चुकतो, म्हणजे मिसिंग. गरम झाल्यावर धूर थांबतो, मिसिंग थोडं राहतं. रेडिएटरचं पाणी कमी होत नाही. दोन्ही डिझेल फिल्टर नवे आहेत. मिस्त्री पंप उतरवायला सांगतायत. त्याआधी काय तपासू?

उत्तर १
पंप एवढ्यात उतरवू नका. झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. पाणी जळत असतं तर रेडिएटरची पातळी उतरली असती. ठोकाही चुकतोय, म्हणजे एखादा सिलिंडर नीट जळत नाहीये. आधी तो शोधा.

इंजिन आयडलला ठेवा. नोझलवरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) प्रेशर पाइपचा नट कापड गुंडाळून अर्धा-पाऊण फेरा सैल करा, आवाज ऐका आणि परत आवळा. असे सहाही, एकेक करून. नट सैल केल्यावर इंजिन आणखी अडखळलं तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही, तर दोषी तोच. चष्मा घाला, फवाऱ्यासमोर हात नेऊ नका; त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच नळीतून फार जास्त दाबाचं डिझेल देणाऱ्या) गाडीवर हे मुळीच करायचं नाही.

मग त्या सिलिंडरचं नोझल शेजारच्याशी बदला. दोष नोझलसोबत सरकला तर नोझल खराब. जागेवरच राहिला तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) आणि पंपाचा त्या लाइनचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पंपातून पाइपमध्ये डिझेल सोडणारी झडप) बघा.

धागाकर्ता
४ नंबरला फरक पडला नाही. ४ आणि ५ ची नोझल बदलली, आता ५ चा नट सैल केला तरी फरक पडत नाही.

उत्तर २
मग नोझलच. गळकं नोझल डिझेलचा बारीक फवारा न करता थेंब टाकतं. थंड सिलिंडरमध्ये ते जळत नाही, गरम झाल्यावर बरंचसं जळतं. तुमच्या धुराचं गणित इथेच जुळतं. नोझल तपासायच्या टेस्टरवर तिन्ही गोष्टी स्वतः उभं राहून बघा: उघडण्याचा दाब, फवाऱ्याचा आकार, आणि दाब धरून ठेवल्यावर टोक कोरडं राहतं का. सहाही एकाच वयाची असतील तर सगळीच तपासून घ्या.

बसवताना तांब्याचा वॉशर नवा, आणि एकच. जुना बऱ्याचदा खाली भोकातच चिकटून राहतो. त्यावर दुसरा बसला की नोझल वर उचललं जातं, फवारा चुकीच्या जागी पडतो. टॉर्च मारून बघा.

मग हातपंपाने फिल्टरवरच्या स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढा. बुडबुडे थांबतच नसतील तर टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) लाइन तपासा. ओढीच्या बाजूला गळती असली तरी बाहेर डिझेल दिसत नाही, आत हवा शिरते.

आणि डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी मोजायची पट्टी) बघाच. पातळी वाढली असेल, ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर ऑइल फिल्टरसकट बदलल्याशिवाय गाडी लोडला लावू नका. पातळ ऑइलने बेअरिंग जातात.