फेब्रुवारीअखेरचं पाणी: उजनी आणि पवनेत गळ कुठे, केव्हा टाकावा?

सिंहगडरोड_रॉड (प्रश्न)

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस उजनीचं बॅकवॉटर (भिगवण ते पळसदेव पट्टा) आणि एक दिवस पवना धरण असा बेत आहे. होडी नाही, काठावरूनच बसणार. सामान असं: १० फुटी मीडियम रॉड, ४००० ची रील, ०.३० मिमी मोनो लाईन (एकपदरी नायलॉनचा दोरा), स्प्रिंग फीडर (चारा दाबून भरायची तारेची गुंडाळी) आणि थोडे स्पून (चमच्यासारखं धातूचं खोटं आमिष). पहाटे पोचायचं आणि ऊन चढेपर्यंत बसायचं, हे पावसाळ्यानंतरचं गणित आत्ता चालेल का? चारा किती टाकावा? रोहू-मृगळ लागतील की फक्त चिलापी? परवानगी कुणाची घ्यायची?

भीमाकाठ

पहाटेचा हट्ट सोडा. या दिवसांत रात्री पारा १२-१४ अंशांवर येतो, दुपारी ३२-३३ वर जातो. उथळ पाणी हा फरक लगेच पकडतं. चिलापी २० अंशांखाली जवळजवळ खात नाही, रोहू-कटलाही २५ च्या पुढेच मोकळेपणाने खातात. उजनीत आणखी एक अडचण आहे. पुणे-पिंपरीचं सांडपाणी येऊन येऊन पाणी शेवाळाने हिरवं झालंय. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री खातं, त्यामुळे प्राणवायू सर्वात कमी असतो तो सूर्योदयाच्या आधी. म्हणजे थंडी आणि गुदमर दोन्ही एकाच वेळी. सकाळी ११ ते संध्याकाळी ५ हीच वेळ धरा.

मत्स्यालयाचा साधा थर्मामीटर शिशाला बांधून फूटभर खोल तीन मिनिटं धरा. २३ च्या खाली दाखवला तर जागा बदला, चारा नाही. दुपारी वारा सुटला की तो ज्या काठावर आदळतो तिथे वरचं कोमट पाणी जमतं. तोंडावर वारा घेऊन बसायला त्रास होतो, पण मासा तिथेच असतो.

याहून महत्त्वाचं म्हणजे पाण्याची उतरण. कालव्याचं आवर्तन चालू असेल तर पातळी रोज घसरते. भिगवणकडचा काठ फार सपाट आहे. पन्नासास एक असा उतार धरला, तर पाणी दोन सेंमी उतरलं की काठ एक मीटर मागे जातो. पोचल्या पोचल्या पाण्याच्या कडेला काडी रोवा आणि दोन तासांनी बघा. कडा सरकलेली दिसली तर मासा उथळावर थांबत नाही, जुन्या ओढ्याच्या पात्रात नाहीतर बांधाच्या पायरीला जातो. अशा वेळी फीडर ३०-४० मीटरवर, दीड ते अडीच मीटर खोलीत पडला पाहिजे. पातळी स्थिर असेल तर गुडघाभर पाण्यातही चिलापी सापडते.

परवानगीचं म्हणाल तर जलाशयातली मासेमारी स्थानिक मच्छीमार संस्था किंवा ठेकेदाराकडे असते. आदल्या दिवशीच गावात विचारा, आणि त्यांची जाळी कुठे लावलीत तेही विचारून घ्या. जाळ्यात फीडर अडकला तर त्यांचं नुकसान होतं.

पेंड_आणि_कणीक

चाऱ्याचं प्रमाण थंडीत निम्मं. दिवसभराला एका रॉडसाठी शेंगदाणा पेंड अर्धा किलो, तांदळाचा बारीक कोंडा पाव किलो, भाजलेलं बेसन १०० ग्रॅम, भाजून कुटलेली मेथी एक चमचा. पेंड कुटून पाऊण तास भिजवा आणि मगच बाकीचं मिसळा. कोरडी राहिली तर फीडरमध्येच फुगून घट्ट बसते. जास्तीचं तेल घालू नका, गार पाण्यात ते पसरत नाही.

मिश्रण बरोबर झालं का, हे बादलीत बघायचं. मुठीत दाबलेला लिंबाएवढा गोळा पाण्यात सोडा. तो पाच ते सात मिनिटांत कडेने सुटत सुटत ढासळला पाहिजे. दोन मिनिटांत विरघळला तर बेसन वाढवा, पंधरा मिनिटं तसाच राहिला तर कोंडा वाढवा. सुरुवातीला असे चारच गोळे टाका, नंतर फक्त फीडरमधून जाईल तेवढंच. पोट भरलेला मासा थंडीत परत भुकेला व्हायला फार वेळ घेतो.

गळ रोहू-मृगळला ६ नंबर, चिलापीला १० नंबर आणि त्याला गांडुळाचा पेरभर तुकडा. हुकलिंक, म्हणजे फीडरपासून गळापर्यंतचा दोरा, आठ इंच.

रोहू-मृगळ लागू शकतात, पण या महिन्यात खरी आशा सायप्रिनसची, म्हणजे कॉमन कार्पची. तो गारठ्यातही खातो, आणि जानेवारी ते मार्च हा त्याचा एक विणीचा हंगाम आहे. पाणवनस्पतीच्या कडेला पाणी हलताना दिसलं की तोच. पोट फुगलेली मादी आली तर कृपया लगेच सोडा. अंडी वनस्पतींना चिकटवलेली असतात आणि पाणी उतरलं की त्यातली बरीच उघडी पडून वाळतात, त्यात आपण भर घालू नये.

सिंहगडरोड_रॉड

खूप उपयोग झाला. कणीक गळावरून सुटते म्हणून मी घट्ट मळतो, तर टोच जाणवते आणि मासा लागत नाही. यावर काय करावं?

पेंड_आणि_कणीक

गार पाण्यात कणीक आणखी कडक होते. मासा ती तोंडात घेतो, तुम्ही हिसका देता, पण टोक गोळ्याबाहेर निघतच नाही. दोन वाट्या गव्हाचं पीठ आणि एक वाटी भाजलेलं बेसन गरम पाण्यात कानाच्या पाळीइतकं मऊ मळा. सुटू नये म्हणून कापसाचे तंतू विंचरून त्यात मिसळा, चिमूटभर पुरतात. गोळा हरभऱ्याएवढा, आणि गळाचं टोक किंचित उघडं ठेवा.

डोहपाळ

पवनेचं वेगळं आहे. पाणी खोल आणि नितळ, भिंतीकडची बाजू या दिवसांत थंडच असते. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी जे उथळ फाटे आहेत, ते आधी तापतात. दुपारी १ नंतर तिथे बसा. लाईन ०.२५ पर्यंत खाली आणा, काठावर उभं राहून सावली पाण्यावर पाडू नका. स्पून वापरणार असाल तर १० ते १५ ग्रॅमचा, तळाला टेकू देऊन अगदी सावकाश ओढा.

खडस म्हणजे महसीर लागला तर सोडायचा, यात चर्चा नको. स्पूनचा तिहेरी गळ आधीच काढून एकेरी लावा, त्याच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, हात ओले करून मासा पाण्यातच धरा. डोकं प्रवाहाकडे ठेवून तो स्वतः शेपटी मारेपर्यंत थांबा. काळ नदीवरची वाळणकोंड किंवा वैतरणेवरचं तिळसे, अशा देवाच्या डोहांवर गळ न्यायचाच नाही. तिथले मासे लोकांनी पिढ्यानपिढ्या राखलेत.

भीमाकाठ

उजनीबद्दल एक राहिलंच. पाणी मागे गेलं की शेतकरी मोटारी पुढे सरकवतात आणि केबल काठावर उघड्या पडलेल्या असतात, काही ठिकाणी जोडावर नुसती टेप. कार्बन रॉडमधून वीज वाहते. वरून तारा जात असतील तिथे रॉड उभा धरून चालू नका, आणि केबल पाण्यात शिरते तिथून लांब बसा.

दुसरं, गाळ. वरून भेगा पडून वाळलेला दिसतो, खाली मांडीभर मऊ असतो. काठी टेकवून बघा, वीतभर आत गेली तर पुढे पाऊल नको. पळसदेवला पाण्याखाली जुनी बांधकामं आणि बाभळीची खोडं आहेत, तिथे शीस मुख्य लाईनपेक्षा कच्च्या दोऱ्याने बांधा, अडकलं तर फक्त शीस जाईल. तुटलेली लाईन मात्र गोळा करून घरी न्या. कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षी असतात आणि ते उथळातच चालतात, मोनो पायाला गुंडाळली की सुटत नाही. थवा दिसला तर निदान दोनशे मीटर अलीकडेच बसा.