पुनः पुनः एली सहल : वजनं अजून आलेली नाहीत

प्रेषक: जळगावकर (सहल समिती)

मंडळी,
मिनेसोटातल्या एली गावच्या सहलीसाठी, म्हणजे कुत्री ओढतात त्या बर्फावरच्या स्लेजगाड्यांसाठी, गुरुवारपर्यंत तुमची वजनं हवीत. चौदापैकी पाच जणांची आली, त्यातली दोन मला पटलेली नाहीत. एका स्लेजवर दोघं असतात. एक आत पाय लांब करून बसतो, दुसरा मागच्या पट्ट्यांवर उभा राहून हाकतो. दोघांची बेरीज बघून कुत्र्यांवाल्या बाई किती कुत्री जुंपायची ते ठरवतात, जोड्याही तशाच लावतात. वजन थंडीच्या कपड्यांसकट द्या. मी भाचीच्या लग्नासाठी जळगावात आहे, फोन करू नका, हळदीच्या गडबडीत उचलला जात नाही. इथेच लिहा.

प्रेषक: धुळ्याची वहिनी

इथेच म्हणजे सगळ्यांसमोर? ढोलपथकाच्या टी-शर्टांची मापं यादीवर आली होती तेव्हा काय झालं ते विसरलात वाटतं. मी जाडी शे ते शे, पन काटावर काई चढनार नही. फार तर त्या बाईंना थेट कळवीन.

प्रेषक: खजिनदार

थेट कोणी काही कळवू नये. बुकिंग मंडळाच्या नावावर आहे, आगाऊ रक्कम मंडळाने भरली आहे. बाय द वे, ती भरताना मला विचारलं असतं तर बरं झालं असतं. वजनं माझ्याकडे पाठवा, मी कोणाला सांगणार नाही.

प्रेषक: धुळ्याची वहिनी

भाऊ, तुम्ही कोजागरीचा हिशोबसुद्धा सगळ्यांना सांगितला होता. कोणी किती दिले, नावानिशी.

प्रेषक: फैजपूरवाला

बाबांचं वजन घ्या. मी त्यांना न्यायला फैजपूरला आलोय. घरात काटा नाही, म्हणून केळीच्या वखारीत तोलून आणले. काटेवाल्याने रीतसर चिठ्ठी दिली: 0.72 क्विंटल. बाबांनी लगेच विचारलं, भाव काय लावला?
आता मुद्दा. बाबा आत बसायला तयार नाहीत. शर्यतीची बैलजोडी हाकलेला माणूस मी, म्हणे, गाठोड्यासारखा बसू का? वय 74, गुडघे ठीक. कासरा धरायला किती जोर लागतो?

प्रेषक: भुसावळकर काका

कासरा नसतोच भो. सगळं तोंडानं. ‘हाइक’ म्हटलं की निघतात, ‘जी’ म्हणजे उजवीकडे, ‘हॉ’ म्हणजे डावीकडे, ‘व्हो’ म्हणजे थांब. हे ऐकायचं काम सगळ्यात पुढच्या कुत्र्यांचं. स्लेजला लागून असतात ती सगळ्यात दणकट. पायाखाली ब्रेक असतो, आणि थांबल्यावर बर्फात रोवायला लोखंडी आकडा. बाबांना एकच सांग: काही झालं तरी दांडा सोडायचा नाही. हाकणारा पडला तरी कुत्री थांबत नाहीत, आतल्याला घेऊन पुढे जातात. चढ आला की उतरून ढकलावंही लागतं. गुडघ्यांचा विचार त्या हिशोबाने करा.

वजनावरून एवढं कशाला तापता? आम्ही रेल्वेत होतो तेव्हा कसारा घाटात गाडीला मागून ढकलायला जास्तीचं बँकर इंजिन लावायचे, त्यात गाडीचा अपमान नव्हता.

एलीला जाताय तर हेही ऐका. 1986 साली उत्तर ध्रुवावर कुत्र्यांच्या स्लेजने, वाटेत रसद न घेता पोहोचलेला विल स्टेगर याच गावचा रहिवासी. सुपीरियर सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर जॉन बेअरग्रीज हा ओजिब्वे या मूळनिवासी जमातीचा पोस्टमन हिवाळ्यात स्लेजवरून टपाल न्यायचा. त्याच्या नावाची शर्यत 1980 पासून चालू आहे. आम्ही एकदा बघायला गेलो होतो. मुलाने हातमोजा काढला आणि

(बाकीचं नंतर, कुकर झाला.)

प्रेषक: चाळीसगावची ताई

मी येणार नाही हे आधीच सांगितलंय, तरी लिहिते. मुक्या जनावरांना उणे वीसमध्ये जुंपायचं आणि आपण ब्लँकेट पांघरून बसायचं, मला नाही पटत.

प्रेषक: भुसावळकर काका

ताई, उणे वीस त्यांना मानवतं. त्यांना त्रास होतो तो उन्हाचा. पारा शून्याच्या वर चढला की धावताना तापतात, मग फेरी छोटी करतात किंवा रद्द. जुंपताना बघा तुम्ही, नुसता गोंगाट, प्रत्येकाला पुढे जायचं असतं. निघाले की एकदम गप्प. 1925 साली अलास्कात नोम गावात घटसर्पाची साथ होती, तेव्हा औषध नेनानाहून 674 मैल अशाच जोड्यांनी, टप्प्याटप्प्याने, साडेपाच दिवसांत पोहोचवलं होतं.

प्रेषक: चाळीसगावची ताई

तेव्हा गरज होती. तुमची सहल आहे.

प्रेषक: फैजपूरवाला

ताईंचा मुद्दा बाजूला ठेवून: बाबांसाठी फुले मार्केटातून सुती थर्मल आणलेत दोन जोड. चालतील ना? दुकानदार म्हणाला, हिमालयात जाणारे हेच नेतात.

प्रेषक: धुळ्याची वहिनी

अजिबात नको. सुती कपडा घाम धरून ठेवतो, थांबलात की तोच अंगावर गार पडतो. आत लोकर किंवा पॉलिस्टर, वर वारा अडवणारं जॅकेट. बूट एक माप मोठे, घट्ट बुटात बोटं आधी गारठतात. दांडा धरायला पाचबोटी हातमोजे नकोत, सगळी बोटं एकत्र राहतात ते. उपरणं असेल तर आत खोचायला लावा, ब्रेकपाशी लोंबतं काही नको. आणि मोबाइल आतल्या खिशात, बाहेर बॅटरी टिकत नाही. हे सगळं मी मागच्या हिवाळ्यात लिहिलं होतं, कोणी वाचलं नाही.

प्रेषक: खजिनदार

कपड्यांची यादी सहल समितीने अधिकृत पाठवायला हवी. प्रत्येकाने आपापलं सुरू केलं तर अवघड आहे.

प्रेषक: जळगावकर (सहल समिती)

वहिनींनी लिहिलं तेच अधिकृत समजा.
बाईंशी बोललो. बाबा गोठलेल्या सपाट तळ्यावर हाकतील, जंगलातल्या चढाला गाइड मागे उभा राहील, बाबा आत. त्यांना हे फैजपूरवाल्यानेच सांगावं, मी सांगणार नाही.
वजनांचं असं: ज्यांना मला द्यायचं नाही त्यांनी बाईंना द्या, विषयात मंडळाचं नाव घाला, खजिनदारांना प्रत नको. आता सात राहिलीत.

प्रेषक: फैजपूरवाला

बाबा कबूल. पण पुढच्या कुत्र्यांची नावं आधी कळवा म्हणतात, हाक मारायला.

प्रेषक: एडलाबादकर

कोणी फैजपूरहून येतंय तर कळण्याचं पीठ दोन किलो आणता येईल का? सहलीत नाही मी.