मदत हवी आहे: मोबाईलवर ९ डिग्री, बागेत ४! पहाटे पाणी सोडू का नको?

नमस्कार मंडळी, द्राक्षबाग निफाड तालुक्यात, थॉमसन जातीची, दोन एकर. गोडी छाटणी (फळासाठीची) ९ ऑक्टोबरची, म्हणजे ९२ दिवस झाले आणि मण्यात नुकतंच पाणी उतरायला लागलंय, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरायला लागलीय. तीन दिवसांपासून उत्तरेचा वारा सुटलाय, आभाळ एकदम मोकळं, आणि मोबाईलमधलं अ‍ॅप ९ डिग्री दाखवतंय, पेपरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा येतो तो तिसराच. मी वेलाच्या तारेला थर्मामीटर अडकवलाय तो आज पहाटे साडेसहाला ४ वर होता. नाल्याकडच्या शेवटच्या चार ओळीत चार-पाच घडांतल्या मण्यांना देठाजवळ केसासारखी बारीक चीर दिसली, बोटाने दाबलं की रस येतो.

आता कोणी म्हणतं पहाटे ठिबक सोड, कोणी म्हणतं पाणी दिलंस तर अजून तडकतील. त्यात या आठवड्यात लाईट रात्रीची, आणि बिबट्याच्या भीतीने एकटं जायची हिंमत होत नाही ती वेगळीच. नक्की कुठला आकडा धरायचा आणि काय करायचं?

प्रतिसाद १:
भाऊ, आधी सांगा थर्मामीटर उघड्यावर आहे का? मोकळ्या आभाळाखाली लटकवला की तो स्वतःच गार होतो आणि कमी दाखवतो. हवामान केंद्रात तो जाळीदार झडपांच्या पांढऱ्या पेटीत साधारण चार-पाच फुटांवर असतो. पण म्हणून तुमचं चूक असंही नाही, थंड हवा जड, ती रात्रभर उतारावरून खाली येऊन नाल्याकडे साचते, त्याच ओळी आधी तडकल्या ना! अ‍ॅपचा आकडा अख्ख्या परिसराचा अंदाज असतो, तुमच्या खोलगट कोपऱ्याचा नाही. मात्र फळपीक विम्याला महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचाच आकडा धरतात, तिथे आपल्या थर्मामीटरचा फोटो कोणी बघत नाही.

प्रतिसाद २:
पाणी द्या, पण आठ दिवस ताण देऊन एकदम तीन तास सोडू नका, तडकतात ते त्यानेच. गारठ्यात पानातून पाणी कमी उडतं, मुळं मात्र ओढत राहतात, मग मण्याची साल ताणली जाते. रोज थोडं, आणि थंडीची रात्र असेल तर पहाटे चारनंतर अर्धा-पाऊण तास. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं आणि ओला बोध (वेलाखालचा मातीचा वरंबा) कोरड्यापेक्षा जास्त ऊब धरतो. सगळ्यात गार वेळ सूर्य उगवायच्या आसपास, त्यामुळे बागेला ऊब म्हणून रात्री दहाला पेटवलेली शेकोटी पाचला विझलेली असते. एकच मोठा जाळ नको, कडेने बारीक बारीक ढीग, आणि ठिबकच्या लॅटरल नळ्यांपासून लांब (मी मागे दोन नळ्या वितळवून बसलोय). वारा असेल तर शेकोटीच्या नादी लागूच नका, धूर शेजाऱ्याच्या बागेत.

प्रतिसाद ३:
घडांना पेपर लावलेत का? पिंक बेरी होऊ नये, म्हणजे थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून ते पाणी उतरायच्या आधीच लावायचे असतात. आता उशीरच झालाय, पण तडकलेले मणी मात्र कात्रीने काढा, नाहीतर रस गळून अख्खा घड सडतो.

मूळ धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. पेपर राहिलेच दादा, मजूर मिळाले नाहीत. थर्मामीटर आता उलट्या घमेल्याखाली टांगलाय, हसू नका. काल चुलत्याला सोबत घेऊन साडेचारला पाऊण तास पाणी सोडलं. आज नाल्याकडे ५.५, वरच्या टोकाला ७, म्हणजे दोन एकरातच दीड डिग्रीचा फरक! नवीन चिरा फक्त दोन मण्यांना. आता मंगळवारच्या कृषी हवामान सल्ल्यात ढगाळ वातावरण सांगितलंय, म्हणजे थंडी कमी होईल पण भुरी या बुरशीरोगाचं काय? पाणी उतरल्यावर काय फवारायचं की मालात औषधाच्या अवशेषांचा घोळ होणार नाही, कोणी सांगेल का, माल एक्सपोर्टला द्यायचाय.