मदत हवी आहे: 91.6 पर्सेंटाइल, कॉम्प्युटर, कमी खर्चात

धाकट्याला एमएचटी-सीईटीत (इंजिनिअरिंगची राज्य प्रवेश परीक्षा) 91.6 पर्सेंटाइल. ओपन, लातूर जिल्हा, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, म्हणजे कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्या) गेला तर निम्मी ट्यूशन फी माफ. मॅनेजमेंट कोटा नको. होस्टेल-मेस धरून वर्षाला दीड लाख, त्यापुढे झेपणार नाही.

मागचे कटऑफ पाहिले. सांगलीचं वालचंद, नांदेडचं एसजीजीएस हातचं गेलंच. वहीत आता यवतमाळ नि जळगावची शासकीय कॉलेजं पेन्सिलने, पुण्यातली दोन खासगी पेनने लिहिलेली आहेत (पेन त्याचं, पेन्सिल माझी). पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की सीट फ्रीझ, म्हणजे तीच पक्की, पुढच्या फेऱ्या बंद; त्यामुळे क्रम चुकवून चालणार नाही.

प्लेसमेंटच्या जाहिराती वाचून झाल्या. तिथे शिकलेल्यांनी सांगा: लॅब, शिक्षक, होस्टेल बघता पहिल्या नंबरला कोणतं टाकू?